कोहिमाचे टेनिस कोर्ट

कोहिमाला निघालो आहोत असे सांगितले तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी पहिला प्रश्न केला, "तिथे देऊळ कुणाचे?" दुसरे म्हणाले, "आधी दार्जिलिंग तरी पाहून घ्या." माझ्या थोरल्या बहिणीने तर फोनवरून सरळ विचारले, "अरे, तिथं खातात काय?" हा प्रश्न सौ.च्या जिव्हाळ्याचा होता, कारण ती माळकरी. निघताना तिने एका पिशवीत चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट असा चार दिवसांचा वेढा सोसेल इतका शिधा भरला. पुढे ज्या जागेची हकीकत सांगणार आहे तिथल्या माणसांपाशीही इतका नसेल. पण ते मागाहून.

आम्हाला कोहिमाला धाडले ते आमच्या आबांनी. आबा आता एकोणनव्वदीला टेकले आहेत. त्यांचे धाकटे मामा मराठा पलटणीत होते. घरात त्यांना नावाने कुणी ओळखत नाही, 'पलटणीतले मामा' एवढेच. आबा सात वर्षांचे असताना, १९४४ साली, माण तालुक्यातल्या आमच्या आजोळी सरकारी कागद आला. मामा लढाईत बेपत्ता झाले होते. घरातल्यांनी काय ते समजून रडून घेतले. मामी मात्र रडली नाही. तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती. शाळामास्तरांकडून तिने कागद तीनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "कागदात हरवल्यात म्हणून लिवलंय. गेल्यात म्हणून लिवलंय का?"

यावर कुणापाशी उत्तर नव्हते. पुढे पेन्शन सुरू झाली. मामी पोस्टात जाऊन अंगठा उठवी आणि घरी येऊन सांगे, "त्यांचा पगार आला." बारा वर्षे उलटल्यावर, म्हणजे १९५६ साली, भटजींनी पालाशविधी सुचवला. माणूस सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात तो हा विधी. मामीने भटजींना चहा दिला, दक्षिणा दिली आणि वाटेला लावले. १९८७ साली ती गेली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होते आणि गळ्यात डोरले होते. गावाने ते तसेच राहू दिले.

"एवढं एक बघून ये," आबा म्हणाले. "तिकडं कुठं त्यांचं नाव लावलंय का."

पुस्तके धुंडाळल्यावर मला एवढे ठाऊक झाले होते की मामांची ४ थी मराठा बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाक या गावी लढली होती. म्हणून बेत खरा सांगशाकचा होता. परंतु मे २०२३ पासून मणिपुरात जे दुर्दैवी दंगे उसळले त्यामुळे आमच्यासारख्या दोन पेन्शनरांनी त्या वाटेला जाणे कुणालाच पसंत पडेना. तेव्हा ठरले कोहिमा. दोन्ही लढाया एकाच मोहिमेतल्या आणि कोहिमाला मोठे युद्धस्मारक आहे. नाव असेल तर तिथे असेल असा आमचा हिशेब.

नागालँडात शिरायला इनर लाइन परमिट लागते. ते हाती घेऊन आम्ही गुवाहाटीहून रेल्वेने दिमापूरला उतरलो. दिमापूर सपाटीवर आहे आणि तिथून कोहिमा ७४ किलोमीटर. ब्रिटिशांच्या काळी हाच रस्ता पुढे इम्फाळला जात होता, आणि १९४४ च्या साऱ्या रामायणाचे मूळ या रस्त्यात आहे. दिमापूरला रेल्वे होती म्हणून तिथे फौजेचे प्रचंड कोठार झाले होते. अकरा मैल लांब आणि मैलभर रुंद असा त्याचा पसारा सांगतात. दारूगोळा, पेट्रोल, तांदूळ, औषधे, सगळे तिथे. तिथून रस्ता डोंगर चढून कोहिमाच्या खिंडीत जातो आणि पलीकडे इम्फाळच्या मैदानात उतरतो. म्हणजे कोहिमा हाती असेल त्याच्या मुठीत इम्फाळचा अन्नपाण्याचा घसा. एवढी गोष्ट कळायला सेनापती असावे लागत नाही. आमच्या नागा ड्रायव्हरने ती मला एका वळणावर गाडी थांबवून, दोन बोटांनी स्वतःचा गळा धरून, अर्ध्या मिनिटात समजावली.

रस्ता आता रुंद झाला आहे, तरी दरडींच्या खुणा ठिकठिकाणी दिसतात. कोहिमा पाच हजार फुटांच्या आसपास. नोव्हेंबरातल्या संध्याकाळी चारलाच ऊन उतरणीला लागते आणि सौ.ने पिशवीतून शाल काढण्याआधीच अंधार पडतो.

आम्ही एका आंगामी बाईंच्या घरी उतरलो होतो. बाई सत्तरीच्या, ताठ, मोडके हिंदी बोलणाऱ्या. रात्री त्यांनी सौ.साठी भात, उकडलेला पाला आणि सोबत एक चटणी ठेवली. आम्ही साताऱ्याकडची माणसे, तिखटाला काय भिणार! सौ.ने चटणीचे बोट चाटले आणि तिच्या डोळ्यांतून ज्या धारा लागल्या त्या मी लग्नात, तिच्या पाठवणीच्या वेळीही पाहिल्या नव्हत्या. ती म्हणे राजा मिरची. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो ही बया त्या बाईंच्या चुलीपाशी बसून त्याच मिरचीत शेंगदाणे आणि लसूण घालून ठेचा वाटते आहे, आणि त्या बाई डोळे पुसत पुसत हसताहेत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांचे काही अडले नाही.

स्मशानभूमी गावाच्या मध्येच आहे. खाली हमरस्त्यावर ट्रक-मोटारींचा गोंगाट, आणि दारातून आत शिरले की हिरवळीच्या पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली टेकडी. आपल्याकडच्या डोंगरउतारावर भाताच्या पट्ट्या असतात तशी. प्रत्येक पट्टीवर बुटक्या दगडांच्या रांगा, दगडावर ब्राँझचा पत्रा, पत्र्यावर नाव, पलटण, तारीख, वय. वय वाचायचे नाही असे मी पहिल्या रांगेतच ठरवले. ते साधले नाही. वीस, बावीस, एकोणीस. या टेकडीवर १,४२० जण पुरलेले आहेत.

दाराजवळच ब्रिटिशांच्या २ ऱ्या डिव्हिजनचे स्मारक आहे. भला थोरला उभा धोंडा. नागा लोक आपल्या मृतांसाठी असेच धोंडे उभारतात आणि हाही त्यांनीच ओढून आणून उभा केला. त्यावर कोरलेला मजकूर जगभर प्रसिद्ध आहे आणि ग्रीकांच्या थर्मापिलीवरच्या लेखाची आठवण देतो. मला मात्र मजकुरापेक्षा धोंडा आवडला. परक्यांच्या लढाईत ज्यांची घरे जळाली त्यांनी त्या परक्यांसाठी दोर ओढले, ही गोष्ट लहान नव्हे.

लढाई अशी झाली. मार्च १९४४ मध्ये जपान्यांचे १५ वे सैन्य चिंदविन नदी ओलांडून हिंदुस्थानात घुसले. सेनापती मुतागुची. त्यांपैकी सातो यांची ३१ वी डिव्हिजन कोहिमावर चालून आली. एवढी मोठी फौज तोफा घेऊन या रानातून येऊच शकणार नाही, आली तर एखादी रेजिमेंट येईल, असा ब्रिटिश सेनापती स्लिम यांचा अंदाज होता. तो साफ चुकला. स्लिम यांचा मोठेपणा असा की पुढे आपल्या पुस्तकात त्यांनी ही चूक स्वतःच्या नावावर मांडून ठेवली. आपल्याकडे निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहिणाऱ्यांनी हा धडा गिरवला तर पुस्तके निम्म्याने पातळ होतील.

गोंधळ एवढ्यावर थांबला नाही. १६१ वी हिंदी ब्रिगेड कोहिमात आणली, मग दिमापूरच्या काळजीने परत खाली बोलावली, आणि जपानी दाराशी आल्यावर पुन्हा वर धाडली. तोवर उशीर झाला होता. ५ एप्रिलला तिच्यातली रॉयल वेस्ट केंट पलटण, साडेचारशेच्या आत-बाहेर माणसे, कशीबशी आत शिरली. बाकीची ब्रिगेड दोन मैलांवर जोत्सोमाला अडकली. आत कर्नल रिचर्ड्स यांच्या हाताखाली अडीच हजार माणसे होती खरी, पण त्यांतली हजारभर कारकून, हमाल, आचारी अशी. लढणारे दीड हजार. त्यांत जेसामी आणि खारासोम येथे आधीच झुंजून आलेली आसाम रेजिमेंटची मंडळी होती. समोर सबंध डिव्हिजन. वेढा पंधरा दिवस चालला.

त्या टेकड्यांची नावे मोठी मजेची आहेत. आमच्या सह्याद्रीत टेकडीला भवानीचे नाही तर खंडोबाचे नाव असते. इथे फौजेच्या कारकुनांनी ठेवलेली नावे: रसदीच्या कोठाराची एफ. एस. डी. टेकडी, रोजचा शिधा वाटण्याची डी. आय. एस. टेकडी, तुरुंगाची टेकडी, खजिन्याची टेकडी. रेशनच्या दुकानासाठी कुणी प्राण देईल असे कुणाला वाटले असेल? त्या डी. आय. एस. टेकडीवरच ९ एप्रिलला लान्स कॉर्पोरल जॉन हार्मन पडला. ब्रिस्टलच्या खाडीतल्या लंडी बेटाच्या मालकाचा हा मुलगा एकट्याने पाच शत्रूंवर धावून गेला, त्यांना मारून परत फिरताना त्याला गोळ्या लागल्या. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. त्याचा दगड इथेच आहे. इतर दगडांइतकाच बुटका.

पाणी पहिल्याच दिवसांत तुटले, कारण साठ्याची जागा शत्रूच्या हाती गेली. माणशी दिवसाला पेलाभर पाणी मिळू लागले. मग डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यामागे एक झरा सापडला. तोही जपान्यांच्या इतका जवळ की रात्री सरपटत जाऊनच भरावा लागे. विमानांनी टाकलेले पाण्याचे आणि दारूगोळ्याचे बोचके पुष्कळदा पलीकडे पडत. जखमींना हलवायला जागा नव्हती. ते चरांत पडून राहत आणि पडल्या जागी दुसऱ्यांदा जखमी होत. जोत्सोमाहून आमच्या हिंदी पहाडी तोफा नेमका मारा करीत राहिल्या म्हणूनच टेकडी टिकली, असे जाणकार सांगतात.

डेप्युटी कमिशनर होते चार्ल्स पॉसी. पहिल्या महायुद्धातले सैनिक, पुढे सारी हयात नागांमध्ये घालवलेले. त्यांना निघून जाता आले असते. ते राहिले, आणि पॉसीसाहेब राहिले म्हणून नागाही राहिले. जखमींच्या डोल्या वाहणे, शत्रूची बातमी काढणे, वाट दाखवणे, हे सारे त्यांनी केले.

आणि या पॉसीसाहेबांच्या बंगल्याला एक टेनिस कोर्ट होते.

ते आजही तिथे आहे. पायऱ्या चढून मध्यावर गेलो तर हिरवळीत पांढऱ्या रेघा आखलेल्या. बंगला नाही, जाळे नाही, नुसत्या रेघा. सौ. म्हणाली, "अहो, इथं मुलं खेळतात वाटतं." मी पावले टाकून मोजले. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब असते. आमच्या सोसायटीत समोरासमोरच्या दोन इमारतींमध्ये याहून जास्त अंतर आहे. या टोकाला इंग्रज आणि हिंदी शिपाई, त्या टोकाला जपानी, आणि मध्ये हे कोर्ट. बॉम्ब हातानेच फेकायचे. ज्या जागी संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतले साहेब चेंडू पलीकडे धाडीत तिथे एप्रिलभर आणि अर्धा मे हा खेळ चालला.

१८ एप्रिलला पंजाबी पलटण आत पोचली आणि वेस्ट केंटवाल्यांची सुटका झाली. पुढे महिनाभर २ री ब्रिटिश डिव्हिजन एकेक टेकडी परत घेत राहिली. बंगल्याची टेकडी काही केल्या सुटेना. शेवटी १३ मे रोजी डोंगर खोदून वाट केली आणि एक रणगाडा अक्षरशः घसरवत कोर्टावर उतरवला. त्याने त्या ७८ फुटांवरून खंदकांत गोळे घातले तेव्हा ते कोर्ट मोकळे झाले. जपानी शिपाई तोवर उपासमारीला लागले होते. तीन आठवड्यांच्या शिध्यावर निघालेल्या सातो यांनी अखेर वरिष्ठांचा हुकूम मोडून फौज मागे घेतली, आणि २२ जूनला इम्फाळचा रस्ता पुन्हा जोडला गेला. कोहिमाच्या लढाईत ब्रिटिश-हिंदी बाजूची सुमारे चार हजार माणसे मेली, जखमी झाली वा हरवली. जपान्यांची त्याहून पुष्कळ अधिक.

कोर्टाच्या कडेला एक चेरीचे झाड आहे. मूळ झाडावर जपानी नेमबाज बसत. ते लढाईत उडाले आणि त्याच्या खुंटातून हे फुटले, असे पाटीवर लिहिले आहे.

इथे वाचक विचारतील, आणि मीही स्वतःला विचारले, की ही लढाई आपली होती काय? पलीकडे जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनाही होती. याच वेढ्याच्या दिवसांत, १४ एप्रिल १९४४ ला, मणिपुरात मोइरांगला तिने तिरंगा फडकावला. आमच्या आजोळच्या सोप्यात पलटणीतल्या मामांचा सरकारी टोपीतला फोटो आणि नेताजींची तसबीर शेजारी शेजारी लावलेली होती. दोन्हींना एकाच दोऱ्याचा हार. लहानपणी मला वाटे की दोघे मित्र असावेत. आबांना एकदा विचारले तर म्हणाले, "मामीनं लावलंय. तिला विचार." मामीला विचारायची छाती कुणाची?

सर्वांत वर, टेकडीच्या माथ्यावर, हिंदू आणि शीख शिपायांचे स्मारक आहे. ज्यांना धर्माप्रमाणे अग्नी दिला त्यांना दगड नाही, तिथे नावे आहेत. ९१७. मी चष्मा पुसला आणि वाचू लागलो. सौ. दुसऱ्या टोकाकडून वाचू लागली. तासभर गेला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आपली नावे वाचायला वेळ लागतो. हा पाटील की पटेल, जाधव की यादव असे करीत पुढे जावे लागते. शेवटी आम्ही दोघे मध्यावर भेटलो. तिने मान हलवली. मामांचे नाव नव्हते.

मग माझ्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. इथे नावे ज्यांना अग्नी मिळाला त्यांची. मामांना कुठला अग्नी? देहच ज्यांचा सापडला नाही त्यांची नावे ब्रह्मदेशात, रंगूनच्या उत्तरेला ताउक्यानच्या स्मारकावर कोरली आहेत, सुमारे सत्तावीस हजार. तिथल्या नोंदी आता मोबाइलवर पाहता येतात. हे घरी बसून कळले असते, असे सौ. म्हणाली नाही, हा तिचा उपकार.

कोर्टाच्या कडेला, चेरीखाली बसून मी नाव घातले. तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी. तिसऱ्याला ते आले. ५ वी मराठा लाइट इन्फंट्री, रंगून मेमोरियल, २६ मार्च १९४४, वय २३. आणि खाली एक ओळ: अमक्याचा मुलगा, अमकीचा पती, जिल्हा सातारा.

अमकीचा पती. मामीचे नाव तिथे होते.

२६ मार्च ही सांगशाकची शेवटची तारीख. ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठ्यांना जपान्यांनी त्या टेकडीवरच्या गावात पाच-सहा दिवस कोंडले होते. तिथेही पाणी संपले होते, तिथेही विमानातला शिधा पलीकडे पडत होता. त्या रात्री हुकूम आला की फुटून बाहेर पडा. त्या पाच-सहा दिवसांत जपान्यांची जी रेजिमेंट तिथे अडकली तीच पुढे कोहिमावर यायची होती, आणि ती आली तेव्हा उशीर झालेला होता. वेस्ट केंटवाले ५ एप्रिलला आत शिरू शकले त्याचे एक कारण सांगशाकला पडलेल्यांनी दिलेले ते दिवस. कोहिमाच्या दगडांवर त्यांचे नाव नसले म्हणून काय झाले?

रंगूनचे स्मारक उघडले १९५८ साली. भटजी चहा पिऊन गेले त्यानंतर दोन वर्षांनी. मामी पुढे एकोणतीस वर्षे जगली. तिला कुणी काही कळवले नाही, की कळवलेला कागद कुठे अडकला, कोण जाणे.

रात्री आबांना फोन लावला. काय सांगावे, किती सांगावे, हे ठरवले नव्हते. सौ. म्हणाली, "आहे ते सांगा." सांगितले. पलीकडे बराच वेळ नुसते खोकणे ऐकू येत होते.

"तारीख काय म्हणालास?"

"सव्वीस मार्च."

त्यांनी उशाजवळचे जुने पंचांग काढायला नातवाला हाक मारली. जुन्या तिथ्या काढण्याची त्यांची हौस आम्हाला ठाऊक आहे. दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला. "त्या साली पाडवा पंचवीसला होता. म्हणजे द्वितीया." मग थोडे थांबून, "मामी गुढी उभारायची रे. एकही साल चुकवलं नाही."

मी गप्प राहिलो. या घरच्या बाईंनी चुलीवर लाकूड सरकवले.

"मामीचं नाव आहे म्हणतोस? वाच पाहू, कसं लिहिलंय."

मी वाचून दाखवले. नाव बरोबर होते. गावाचे नाव मात्र इंग्रज कारकुनाने असे काही पिळून काढले होते की ते माण तालुक्यातले गाव न वाटता एखादे स्कॉच बिस्किट वाटावे.

"गावाचं नाव चुकवलंय," आबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "ते दुरुस्त करून घे."

परत आल्यावर मी तसा अर्ज केला आहे. सोबत आजोळच्या रेशनकार्डाची नक्कल जोडली आहे. सौ.ने आणलेले राजा मिरचीचे बी कुंडीत रुजले असून त्याला दोन पाने आली आहेत.